पडताळणी अहवाल: फिर्याद ठळक, निकाल गायब

आमची सोसायटी कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. वॉचमन, सफाई कामगार आणि भाडेकरू यांची पडताळणी बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायची असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आणि सेक्रेटरी म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. अशी सेवा विकणारे बरेच जण आता सोसायट्यांच्या दारात येतात, आणि मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती एका नावापुरती नाही. एखादी सोसायटी, पाळणाघर किंवा भोसरीतला छोटा कारखाना अशी सेवा घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांनी हे वाचावं.

निवृत्त होईपर्यंत मी शिवाजीनगरच्या कोर्टात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं फौजदारीकडे बेंच क्लार्क होतो. रोजनामा लिहायचा, साक्षीदारांची समन्सं काढायची, मुद्देमालाचा हिशेब ठेवायचा, आणि निकालाच्या दिवशी आरोपीच्या घरची माणसं दारात उभी असतात ती बघायची. त्यामुळे अहवालात 'गुन्हेगारी नोंद' असा रकाना दिसला की माझी नजर आधी तिथे जाते.

जे चांगलं आहे ते आधी सांगतो. एका माणसामागे साडेतीनशे रुपये, वर जीएसटी. ओळखपत्राची तपासणी लगेच होते. पत्त्यावर त्यांचा माणूस खरंच जाऊन येतो, दाराचा फोटो काढतो, शेजाऱ्याला विचारतो. आधीच्या मालकाला फोन करतात आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहितात. एका भाडेकरूने दिलेला कंपनीचा पत्ता बंद असल्याचं त्यांनीच शोधलं. हे काम नीटनेटकं आहे आणि त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

गडबड आहे ती गुन्हेगारी नोंदीच्या पानावर.

रात्रपाळीच्या वॉचमनच्या जागेसाठी चाळिशीतला एक माणूस आला होता. मूळचा मराठवाड्यातला, कुटुंबासह वारज्यात राहणारा. अर्जात त्याने स्वतःच लिहिलं होतं, 'गावाकडे चोरीची केस झाली होती, सुटलो आहे.' अहवाल आला तेव्हा पहिल्याच पानावर आडवी लाल पट्टी. 'गुन्हेगारी नोंद आढळली. जोखीम: जास्त.' खाली भारतीय दंड संहितेची कलमं ३७९ आणि ४११ (चोरी आणि चोरीचा माल घेणं), पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा दाखल झाल्याचं वर्ष. बस. खटला चालला की नाही, चालला तर पुढे काय झालं, याचा एक शब्द नाही. निकालाचा रकानाच त्या नमुन्यात नाही.

मी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर गेलो. ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, कोणीही बघू शकतो. जिल्हा निवडायचा, तालुक्याचं कोर्ट निवडायचं, पक्षकाराच्या नावाने किंवा एफआयआर क्रमांकाने शोधायचं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो, तो एकदा हाती आला की पुढे सगळं उघडतं. खटला निकाली निघाल्याचं तिथे लिहिलं होतं, आणि निकालाच्या स्वरूपापुढे 'कॉन्टेस्टेड – अॅक्विटेड'. म्हणजे साक्षीपुरावे होऊन, खटला लढवला जाऊन, माणूस निर्दोष सुटलेला. निकालपत्रही तिथेच होतं, मराठीत. साडेतीनशे रुपये घेणाऱ्या कंपनीने जिथून फिर्याद उचलली असावी, तिथेच दोन ओळी खाली हे होतं.

ते निकालपत्र मी नीट वाचलं. विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची फिर्याद. मोटार सापडली ती शेतातल्या एका शेडमध्ये, आणि त्या शेडमध्ये हा एकटा राहत नव्हता, शेतमालकाचे आणखी सालगडी तिथेच झोपायचे. शेडला कुलूप नव्हतं. फिर्यादीत मोटारीचा क्रमांक लिहिलेला नव्हता, त्यामुळे सापडलेली मोटार ती हीच, हे फिर्यादीला कोर्टात खात्रीने सांगता आलं नाही. जप्ती पंचनाम्याचा एक पंच आलाच नाही, दुसऱ्याने सांगितलं की सही पोलीस ठाण्यात घेतली, जागेवर मी गेलोच नव्हतो. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात मिळतो तोच चोर, किंवा माल चोरीचा आहे हे जाणून तो घेणारा, असं अनुमान कोर्टाला काढता येतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ११४ खाली होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम ११९ खाली आहे. पण त्यासाठी आधी माल चोरीचाच आहे आणि तो याच्याच ताब्यात होता, या दोन गोष्टी सरकारी पक्षाला शाबीत कराव्या लागतात. इथे दोन्ही झाल्या नाहीत. जामीनदार मिळेपर्यंत तो माणूस कोठडीत होता, पुढे तारखांना पुण्याहून एसटीने जात राहिला, आणि शेवटी ज्या ओळीसाठी हे सगळं झालं ती ओळ आमच्या अहवालात नव्हती.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बोलणारी मुलगी सभ्य होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने नियम वाचून दाखवला. उमेदवाराने निकालाची प्रमाणित प्रत आणून अॅपवर चढवावी, त्यांची टीम ती तपासेल आणि योग्य वाटल्यास शेरा बदलेल. तोवर लाल पट्टी तशीच.

याचा हिशेब बघा. प्रमाणित प्रत म्हणजे तालुक्याच्या कोर्टात जायचं, नक्कल अर्ज द्यायचा, फी भरायची, प्रत तयार झाली की पुन्हा जायचं. रोजंदारीवरच्या माणसाचे तितके दिवस बुडाले. हे सगळं कशासाठी, तर मी चोर नाही हे दाखवायला. जे काम कोर्टात एकदा झालं, ज्यात सरकारी वकील होता, तपासी अंमलदार होता, पंच होते, आणि इतक्या सगळ्यांना मिळून जे शाबीत करता आलं नाही, ते खोटं असल्याचं आता याने एकट्याने, स्वतःच्या खर्चाने शाबीत करायचं. कोर्टात त्याला एक शब्दही शाबीत करावा लागला नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सरकारी पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, ज्याला आम्ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून आजही '३१३ चा जबाब' म्हणतो आणि जो नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५१ खाली गेला. तो जबाब शपथेवर नसतो आणि तिथे आरोपी गप्प राहिला तरी तेवढ्यावरून त्याला शिक्षा करता येत नाही.

कमिटीच्या बैठकीत हा अहवाल ठेवला तेव्हा जी चर्चा झाली तीही सांगायला हवी, कारण ही सेवा घेतल्यावर प्रत्येक सोसायटीत हीच चर्चा होणार आहे. सी विंगमधले एक निवृत्त विमा अधिकारी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, विस्तवाशिवाय धूर निघत नाही." ते वाईट मनाचे नाहीत. त्यांच्या घरी एकदा चोरी झालेली आहे. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "सुटला म्हणजे काय, पुरावा मिळाला नाही म्हणून सुटला. निर्दोष आहे असं कुठे म्हटलंय?" हा प्रश्न मी नोकरीत असताना कोर्टाच्या व्हरांड्यात फिर्यादीकडच्या लोकांकडून सतत ऐकला, आणि तो चुकीच्या हेतूने विचारलेला नसतो.

मी त्यांना सांगितलं ते असं. ज्याला एखादी गोष्ट आहे असं म्हणायचं आहे, त्यानेच ती शाबीत करायची. साक्ष अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये हे लिहिलंय आणि १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम १०१ मध्येही हेच होतं. फौजदारी खटल्यात 'याने गुन्हा केला' असं सरकार म्हणतं, तेव्हा ओझं सरकारवर. तेही वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतकं. दिवाणी दाव्यात ज्याचं पारडं जड तो जिंकतो, इथे तसं नाही. पुराव्यातून दोन अर्थ तितक्याच रास्तपणे निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा अर्थ घ्यायचा. आणि हे असंच का, याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा कोर्टाच्या हॉलमध्ये जास्त मिळालं. एका बाजूला पोलीस ठाणं, प्रयोगशाळा, सरकारी वकील, अटक करायचा अधिकार. दुसऱ्या बाजूला सालगडी. 'मी ते केलं नाही' हे शाबीत करायला त्याच्याकडे असतं काय? त्या रात्री मी झोपलो होतो, याला साक्षीदार कुठून आणायचा?

विमा अधिकाऱ्यांनी हुशार मुद्दा काढला. मोटार शेडमध्ये कशी आली हे त्यालाच माहीत असणार, मग त्यानेच सांगावं. कायद्यात असं कलम आहे हे खरं. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली, ती शाबीत करायचं ओझं त्याच्यावर. जुनं कलम १०६, नवं १०९. त्यावरचा शंभूनाथ मेहरा यांच्या खटल्यातला १९५६ चा निकाल मला फार आवडतो. अजमेरचे कारकून, आरोप प्रवासभत्त्याचे तेवीस रुपये बारा आणे खोटे उचलल्याचा. सरकारचं म्हणणं, प्रवास केला की नाही हे त्यांच्याच माहितीत, तर त्यांनी दाखवावं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम सरकारला त्याच्या मूळ जबाबदारीतून सोडवण्यासाठी नाही. नाहीतर खुनाच्या खटल्यातही म्हणता येईल, खून केला की नाही हे आरोपीइतकं कोणाला माहीत? तेवीस रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढं बारकाईने बघितलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आणि पुणेकरांना तर हे परकं वाटायचं कारणच नाही. परिस्थितिजन्य पुराव्याचा खटला देशात कुठेही चालला की ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९८४ चा निकाल पुण्यातून निघालेला आहे. इथल्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. त्यात पाच कसोट्या आखून दिल्या आणि न्यायालयानेच त्यांना पंचशील म्हटलं. प्रत्येक दुवा पक्का शाबीत व्हायला हवा, 'असू शकेल' चालणार नाही. सगळे दुवे आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारे हवेत, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, साखळी कुठे तुटता कामा नये. आणि बचाव लंगडा आहे म्हणून सरकारची बाजू भक्कम ठरत नाही, सरकारने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. विचार करा, दोन न्यायालयांनी फाशीयोग्य ठरवलेला माणूस तिसऱ्या न्यायालयात निर्दोष ठरतो. आणि आमच्या अॅपला एका फिर्यादीवरून जोखीम कळते.

'निर्दोष कुठे म्हटलंय' या प्रश्नावर माझं उत्तर एवढंच, की खटल्याला जाताना तो निर्दोष होता असं कायदा धरतो. ते गृहीत मोडायचं काम सरकारचं होतं. ते मोडलं नाही म्हणजे ते तसंच आहे. वेगळा दाखला द्यायची गरज नाही.

काही कायद्यांत हे ओझं फिरतं, हेही मी बैठकीत लपवलं नाही. चेक न वटल्याच्या खटल्यात चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं धरून चालतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात कलम २९ आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३५ आणि ५४. तिथेही मूळ घटना आधी सरकारी पक्षानेच उभी करायची असते, मगच ओझं पलीकडे जातं. आणि नोकरी देणाऱ्याला विचार करायचा हक्क असतो हेही खरं. २०१३ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की साक्षीदार फितूर झाल्याने किंवा तडजोड झाल्याने सुटका झाली असेल तर पोलीस खातं ती कशी झाली ते बघू शकतं. हातात काठी आणि कायदा देणाऱ्या नोकरीची ती गोष्ट आहे. सोसायटीही आपल्यापुरतं ठरवू शकते, पाळणाघराने तर जास्त काळजी घ्यावीच. पण ठरवायला आधी पूर्ण माहिती हातात हवी. लाल पट्टी ही माहिती नव्हे, तो कंपनीने आमच्या वतीने, आम्हाला न विचारता दिलेला निकाल आहे.

फिर्याद दाखल झाल्यावर प्रकरण किती वाटांनी संपू शकतं, हे या लोकांना ठाऊक नाही की ते सांगायचं नाही, कोण जाणे. तपासातच ते थांबू शकतं. आपल्या महाराष्ट्रात पोलीस तेव्हा कोर्टाला 'समरी', म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. ब समरी म्हणजे फिर्यादच खोटी, द्वेषाने केलेली. क समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. दोषारोपपत्र गेल्यावरही कोर्ट आरोप न ठेवता दोषमुक्त करू शकतं, उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करू शकतं, पक्षकारांत आपसात मिटू शकतं, खटला चालून निर्दोष मुक्तता होऊ शकते, शिक्षा होऊ शकते, ती अपिलात रद्द होऊ शकते. अहवालात या सगळ्यांना एकच रंग. ब समरी झालेला, म्हणजे ज्याच्यावर खोटी फिर्याद झाली असं पोलीसच सांगतात तो माणूस, आणि शिक्षा भोगून आलेला माणूस, दोघांच्या पानावर तीच पट्टी.

घरकाम करणाऱ्या एका ताईंच्या अहवालात तर नोंद त्यांची नव्हतीच. नाव आणि आडनाव जुळलं, एवढ्यावर मारामारीच्या केसमधली भलतीच बाई यांच्या माथी. वय जुळत नव्हतं, गाव जुळत नव्हतं. आपल्याकडे बाईचं लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, पुण्यात एका आडनावाची एकाच पेठेत पन्नास घरं असतात. ई-कोर्ट्सवर नावाने शोधलं की एकाच नावाची रांग लागते, त्यातला आपला माणूस कोणता हे जन्मसाल, पत्ता, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावून बघायचं काम माणसाने करायचं असतं. त्याचेच तर पैसे घेतात. त्या ताईंना मी अहवाल दाखवला तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, "काका, मी कोर्टाची पायरी चढले नाही कधी, आता मी काय आणून दाखवू?" त्यांनी काही आणायचं नव्हतं. कंपनीने ही नोंद मात्र तक्रारीनंतर लगेच काढली.

याचा फटका कोणाला बसतो तेही बघावं. ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि ज्याला जामीनदार मिळत नाही, तो बहुतेक वेळा या वॉचमन, घरकामवाल्या ताईंसारख्या कष्टकरी वर्गातला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यातले किती तरी सुटून बाहेर येतील आणि वॉचमनच्या, ड्रायव्हरच्या, हाउसकीपिंगच्या नोकरीसाठी कोणाच्या तरी टेबलासमोर उभे राहतील. तिथे त्यांच्या आधी लाल पट्टी पोचलेली असेल.

माझं मत विचाराल तर ओळख आणि पत्ता यासाठी पाचपैकी चार. गुन्हेगारी नोंदीसाठी एक, आणि तो एकही पोलीस ठाण्याचं नाव बरोबर होतं म्हणून, त्यावरून मला पुढे शोधता आलं. ही सेवा घेतलीच असेल तर लाल शेरा बघून कोणाला नकार देऊ नका. ई-कोर्ट्सवर स्वतः बघा, निकालपत्र मिळालं तर शेवटचं पान नको, साक्षीपुराव्याची चर्चा वाचा. मोठ्या जबाबदारीची जागा असेल तर उमेदवाराला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला सांगता येतो, अर्ज ऑनलाइन होतो, फी सोसायटीने भरावी. भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे करायची ती वेगळी, ती तशीही करावीच लागते.

कमिटीने बहुमताने त्या माणसाला रात्रपाळीवर घेतलं. विमा अधिकाऱ्यांनी विरोधात मत दिलं आणि कारण नोंदवून दिलं, तो त्यांचा हक्क आहे. कंपनीला मी लेखी कळवलंय: प्रत्येक नोंदीसमोर सीएनआर क्रमांक हवा, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि निकाल काय लागला याचे रकाने हवेत, नाव सोडून आणखी काय जुळलं ते लिहायला हवं, आणि 'जोखीम' हा शेरा काढायला हवा. सीएनआर क्रमांक देऊ असं उत्तर आलं, बाकीच्यावर 'विचाराधीन' एवढंच. कराराचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. तोवर निकालाचा रकाना आला नाही तर फक्त ओळख-पत्त्याचं पॅकेज घ्यावं असा प्रस्ताव मी कमिटीपुढे ठेवणार आहे. ते दीडशे रुपयांत मिळतं.